चोविसाव्या झाडाचा खड्डा

११ ऑगस्ट

मामा,

नमस्कार आधी, तक्रार मागून. माझ्या दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने लावता, म्हणून तर मी कागद घेऊन बसते. आई म्हणते, माझा भाऊ आळशी झालाय. मी म्हटलं, आळशी नाही, निवृत्त झालाय. त्यावर ती म्हणाली, दोन्ही एकच.

आता कामाचं. काल माझ्या टेबलावर एक फाईल येऊन पडली. दवाखान्यासमोरच्या रस्त्यावरचे चोवीस शिरीष. हो, तुमचेच. ज्यांच्यावरून आमच्या उद्यान खात्यात तुम्हाला अजून ‘चोवीसवाले’ म्हणतात, कारण लावलेल्या चोवीसपैकी चोवीस जगली आणि तसं खात्यात आधी कधी झालं नव्हतं. मी इथे नोकरीला लागले तेव्हा जुन्या मुकादमाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘चोवीसवाल्यांची भाची का? मग बसा.’ त्या दिवसापासून मी त्याच खुर्चीत बसलेय.

तर त्यातली तेवीस झाडं वरून वाळत चाललीत. शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडल्यात, पानं बोटभर झालीत, आणि वाळक्या शेंगा वर्षभर लटकून खुळखुळतात. दवाखान्यातल्या पेशंटनी त्या आवाजाची तक्रार केलीय. रस्ते विभागाच्या साहेबांना ती सगळी काढून तिथे सिमेंटच्या कुंड्यांत पाम ठेवायचेत. कमिटी मार्चअखेर निर्णय घेणार. तोवर झाडं माझ्या ताब्यात. नवी पालवी फुटली तर राहतील, नाहीतर तोडायच्या कागदावर वृक्ष अधिकारी म्हणून सही माझी.

मी सकाळभर तुमची सळई घेऊन फिरले. तुम्ही निवृत्त होताना मला दिलेली, मातीत खुपसून बघायची, चार-चार बोटांवर खुणा केलेली. पहिल्या खुणेखाली ती जातच नाही. गाड्या उभ्या राहून राहून माती दगडासारखी झालीय आणि पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडलेत. मुळांना ना हवा, ना पाणी.

पण चोविसावं झाड, शिंप्याच्या दुकानापुढचं, ते मात्र हिरवंगार आहे. बाकीच्यांपेक्षा दुप्पट जाड. तिथे सळई वीतभर आत गेली. शिंपी कापड बेतण्याआधी बादलीत भिजवतो आणि ते पाणी रोज झाडाला टाकतो. मला वाटतं, तेच कारण. माती ओली, म्हणून मऊ, म्हणून झाड सुखी. तुम्हाला काय वाटतं? ती झाडं लावताना मीही होते म्हणे, सहा वर्षांची, हातगाडीच्या काठावर बसलेली. मला फक्त चिखलाने भरलेली चप्पल आठवते.

लवकर लिहा.

तुमची खारूताई

२२ ऑगस्ट

खारूताई,

आशीर्वाद घे आणि तुझ्या आईला सांग, की आळशी माणसाच्या बाल्कनीत नऊ कुंड्या जिवंत राहत नाहीत. सूनबाई म्हणते, बाबा, कपडे वाळत घालायला जागा ठेवा. मी म्हणतो, झाडावर घाला. तुझी मामी मला घरातून काढायच्या बेतात आहे.

तुझं पत्र वाचलं. माती घट्ट झालीय हे बरोबर आहे. एकतीस वर्षं गाड्यांखाली राहिली तर आणखी काय होणार. पेव्हर काढ, माती मोकळी कर, शेणखत आणि पालापाचोळा घाल. आणि त्या शिंप्याचं तू म्हणतेस ते अगदी पटलं. रोजचं पाणी म्हणजे काय थोडं झालं. तेच कारण असणार, दुसरं शोधत बसू नकोस.

एक सांगतो ते ऐक. खोडाच्या अगदी जवळ खणू नकोस. चांगला हातभर लांब राहा. म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी खेळ नको, धक्का बसेल. बाहेरून काम कर.

गुडघे कुरकुर करतात. बाकी ठीक. ते ‘चोवीसवाले’ वगैरे आता सोडून द्या म्हणावं, जुन्या गोष्टी आहेत.

मामा

६ ऑक्टोबर

मामा,

तुमच्या पत्राने मला हत्तीचं बळ आलं. मी ते साहेबांना वाचून दाखवलं. ‘ज्यांनी लावली त्यांचंच म्हणणं आहे,’ म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. तोंड मात्र असं केलं, जणू मी त्यांच्या घरासमोरच खणणार आहे.

आम्ही कुदळ लावलीच नाही. कुदळीने मुळं तुटतात. एक कॉम्प्रेसर मिळवला, त्याला लांब लोखंडी नळी जोडली, आणि हवेच्या झोताने माती उडवली. माती उडते, मूळ तसंच राहतं. पहिल्या दिवशी मुकादमाने नळी उलटी धरली आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाचा पांढरा कोट विटकरी झाला. त्याने सगळा रस्ता डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने आमच्यासाठी थर्मास भरून चहा पाठवला, कारण तो कोट तिला कधीपासून टाकून द्यायचा होता.

प्रत्येक झाडाभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे चर काढले, त्यात खत आणि कुजलेला पाला भरला, वर लाकडाच्या चिपांचा थर दिला. खोडापासून हातभर लांब राहिलो, तुम्ही सांगितलं तसंच. मुकादम एकदा म्हणाला, ‘बाई, बुंध्याशी जरा बघू का? ही झाडं विजेच्या खांबासारखी सरळ जमिनीत घुसलीत. झाड असं नसतं, खाली पसरतं.’ मी त्याला गप्प केलं. म्हटलं, मामांनी नको म्हटलंय. मामा म्हटल्यावर त्याने नळी पुन्हा बाहेरच्या चराकडे वळवली.

दुकानदार कुरकुरतात, गाड्या लावायला जागा नाही म्हणून. पण शाळेतून येणारी मुलं चिपांवरून उड्या मारत जातात. शिंपी खूश आहे. त्याच्या पाण्याची आता अधिकृत नोंद झालीय, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मामा, मार्चमध्ये ही झाडं फुटली ना, की मी तुम्हाला इथे आणून त्या रस्त्यावरून मिरवणार आहे. गुडघे कुरकुरले तरी चालेल, हातगाडी अजून आहे.

खारूताई

२० ऑक्टोबर

खारूताई,

काम चांगलं चाललंय. मुकादमाला माझा नमस्कार सांग. त्याची नजर पूर्वीपासून बारीक आहे.

मिरवणं वगैरे नको. इथे थंडी सुरू झालीय, मामीचा खोकला आहे, मला निघता येईलसं वाटत नाही.

जास्त लिहवत नाही.

मामा

४ मार्च

मामा,

मधल्या काळात मी तीन पत्रं टाकली आणि तुमच्याकडून एक ओळ आली नाही. आई म्हणते, ‘तुझा मामा लहानपणी काचेची बरणी फोडून असाच आठवडाभर गप्प होता.’ मी म्हटलं, आई, प्रत्येक गोष्टीत बरणी आणू नकोस. पण काळजी वाटते. मामीचा खोकला बरा आहे ना?

बातमी चांगली नाही.

माती छान झालीय, खरंच. तुमची सळई आता कोपरापर्यंत आत जाते. चिपा बाजूला केल्या की गांडुळं दिसतात. पण झाडं हलत नाहीत. चोविसाव्याला गेल्या आठवड्यातच पालवी फुटली, पोपटी, ओली. बाकी तेवीस तशीच उभी आहेत, त्याच वाळक्या शेंगा वाजवत. परवा वाऱ्यात सातव्या झाडाची एक मोठी फांदी औषधाच्या दुकानाच्या छपरावर पडली. दुपारची वेळ, छपराखाली एक बाई मुलाला घेऊन उभी होती. पत्र्याने वाचवलं. मी तिथे पोचले तेव्हा ती बाई रडत नव्हती, नुसती त्या फांदीकडे बघत होती. त्यानंतर मला साहेबांशी वाद घालायचं तोंडच उरलं नाही.

कमिटी पंचवीस तारखेला आहे. मी कागद तयार केलाय. सहीची जागा तेवढी मोकळी आहे.

कुठे चुकले ते मला कळत नाही. पाणी दिलं, हवा दिली, खत दिलं. तुम्ही सांगितलंत त्यातलं एकही सोडलं नाही. तुम्ही एका दुपारी लावून जगवलेली झाडं मला सात महिने मरमर करूनही सांभाळता आली नाहीत. खात्यात कोणी तोंडावर बोलत नाही, पण माझ्या खुर्चीकडे बघतात. मामा, मला माफ करा. तुमच्या हातची झाडं माझ्या सहीने पडणार आहेत, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय.

खारूताई

९ मार्च

खारूताई,

हे कुरिअरने पाठवतोय. कागदावर सही करू नकोस. आधी हे पूर्ण वाच, आणि वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण.

तू माफी मागितलीस आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मामीने विचारलं तेव्हा तिला सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, आता मला काय सांगता, तिला सांगा.

त्या रस्त्याचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. रोपं दुपारी आली, पत्र्याच्या डब्यांत वाढलेली, दोन वर्षं जास्त राहिलेली. डब्यातून काढल्यावर मुळं डब्याच्याच आकाराची निघाली, गोल गोल गुंडाळलेली. अशी मुळं कापून, सोडवून, पसरून लावायची असतात. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण खड्डे रस्त्याच्या कंत्राटदाराने खणले होते, जेमतेम डब्याएवढे. माणसं दोन, मी आणि मुकादम, आणि तो पाण्याच्या फेऱ्या मारत होता. मी ती मुळं तशीच खड्ड्यात कोंबली आणि टाचेने दाबली. वरून माती जास्त ओढली, म्हणजे वाकडं काही दिसू नये. तेवीस वेळा.

तू गाडीच्या काठावर बसली होतीस. शेवटचं रोप डब्यातून काढलं तेव्हा तू खाली उतरलीस, त्या मुळांकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘मामा, याचे पाय दुमडलेत. याला दुखेल.’

मला एवढी लाज वाटली की मी तुझ्याकडे बघितलं नाही. कुदळ घेतली आणि तो खड्डा मोठा केला. किती मोठा करू म्हणून तुलाच विचारलं. तू आत उतरलीस आणि मांडी घालून बसलीस. म्हणालीस, एवढा. मग आपण दोघांनी मुळं सोडवली, जी सुटेनात ती मी कापली, चारी बाजूंना पसरली, आणि माती तू पायाने दाबलीस. तुझ्या चपलेचा चिखल तो.

शिंप्याच्या पाण्याने झाड मोठं झालं असेल थोडंफार. पण ते जगलंय त्या खड्ड्यामुळे.

बाकीची पण जगली. पहिल्या वर्षी सगळी जगली, मला बढती मिळाली, मानपत्र मिळालं, ते अजून इथल्या भिंतीवर आहे. मी मनाची समजूत घातली की झाडाने आपलं आपण निभावलं. पण गोल वळलेलं मूळ सरळ होत नाही. खोड जाड होतं, मूळही जाड होतं, आणि एक दिवस मूळच खोडाला आवळायला लागतं. तू बाहेर कितीही माती मोकळी केलीस तरी गळ्याशी आवळलेलंच आहे. मी तुला बुंध्यापासून लांब राहा म्हटलं ते झाडासाठी नाही. माझ्यासाठी. तुझे सात महिने मी वाया घालवले.

मुकादमाला विचार, त्याला शंका आहे. बुंध्याजवळची माती उडव. खोड जिथे रुंदावून मुळांत पसरतं, ती जागा उघडी पडेपर्यंत खाली जा. गुंडाळलेली मुळं दिसतील. पटाशी आणि करवतीने काप. एकदम सगळी कापू नकोस, सगळ्यात घट्ट असेल ते आधी, तिसरा हिस्सा या वेळी, बाकी पावसानंतर.

हे पत्र साहेबांना दाखव. माझं नाव झाकू नकोस.

मामा

२८ मार्च

मामा,

तीन दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की आईने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. मी खोटं लिहिणार नाही. झाडं कोंबली म्हणून नाही. त्या दुपारी तुमच्या जागी कोणीही तेच केलं असतं. पण मी मुकादमाला गप्प केलं, साहेबांसमोर तुमचं पत्र नाचवलं, आणि तुम्ही ऑक्टोबरात एवढंच लिहिलंत की त्याची नजर बारीक आहे. एका ओळीत सांगता आलं असतं. त्या बाईचं मूल पत्र्याखाली नसतं तर? हा प्रश्न मी तुम्हाला विचारणारच होते, तो विचारून झाला. आता पुढचं.

सोळा तारखेला साहेबांना सातव्या झाडापाशी बोलावलं. तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मुकादमाने नळी धरली, या वेळी सरळ. माती उडत गेली. एक वीत खाली गेलो तरी खोड खांबासारखंच. दीड वीत. आणि मग दिसलं. माझ्या मनगटाएवढं मूळ, खोडाला पूर्ण वेढा घालून परत स्वतःवर चढलेलं. त्याखाली आणखी एक. साल आत दबून काळी पडलेली. कॉम्प्रेसर बंद केला तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. औषधाच्या दुकानदाराने वाकून बघितलं आणि आपल्या कॉलरचं बटण सोडलं.

मी पटाशी लावली. पहिला घाव माझा, दुसरा मुकादमाचा. मूळ तुटलं तेव्हा ते बोटभर बाजूला सरकलं, एवढं ताणलेलं होतं. मी खाली बसले आणि त्या खाचेत हात घातला. मामा, मला रडू आलं, साहेबांसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मुकादमाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुमचं ऐकायला हवं होतं. तो म्हणाला, ‘तुम्ही मामाचं ऐकलंत, मीही तुमच्याहून लहान असताना त्यांचंच ऐकलं होतं.’ त्याने झाडं लावली त्या दिवशी पाणी आणून ठेवल्यावर खड्डे बघितले होते म्हणे. गप्प राहिला. म्हणजे तुम्ही एकटे नव्हतात.

पंचवीस तारखेला कमिटीत साहेब स्वतः उठले. मला वाटलं आता पामच्या कुंड्या येतात. ते म्हणाले, ‘माणूस स्वतःची चूक लिहून, वर सही करून पाठवतो, असा कागद मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा बघितला. यांना एक वर्ष द्या.’ दिलं. अट अशी, की जड वाळक्या फांद्या आत्ताच उतरवायच्या, आणि पुढच्या मार्चअखेर तेवीसपैकी निदान बारा झाडं शेंड्यापर्यंत फुटली पाहिजेत. नाहीतर एकदम सगळी.

माझ्या कागदावरची सहीची जागा अजून मोकळी आहे. मी तो फाडला नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

आता गप्प बसायचं नाही. दर पंधरा दिवसांनी पत्र. ही भाचीची नाही, वृक्ष अधिकाऱ्याची सूचना समजा.

खारूताई

७ एप्रिल

खारूताई,

सूचना मिळाली. पालन होईल.

तू चिडलीस ते बरं केलंस. न चिडतीस तर मला जास्त लागलं असतं. मानपत्र भिंतीवरून काढलं. मामी म्हणाली, तिथे भिंतीचा रंग वेगळा दिसतोय. मी म्हटलं, दिसू दे.

कापलेल्या जागी काही लावू नकोस, नुसती उघडी ठेव, साल आपली आपण भरून येते. बुंध्याशी चिपा टेकवू नकोस, चार बोटं लांब. पाणी खोडाशी नको, लांबवर दे, म्हणजे नवी मुळं पाण्याच्या मागे बाहेर पळतील. आणि पावसानंतर उरलेली कापताना अकराव्या झाडापाशी जपून. तो खड्डा सगळ्यात लहान होता, मला अजून आठवतो.

मामा

(पुढच्या वर्षी)

२ एप्रिल

मामा,

बसला आहात ना? नसाल तर बसा. मामीलाही बोलवा. आई इथे माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि शब्द सुचवतेय, तिचं ऐकलं तर हे पत्र चार ओळींत संपेल.

एकवीस.

बारा हवी होती, एकवीस फुटली. शेंड्यापर्यंत. पंधरवड्यापूर्वी पाचवं फुटलं तेव्हा मी मुकादमाला म्हटलं, दृष्ट लावू नका, कोणाला सांगू नका. त्याने अख्ख्या रस्त्याला सांगितलं. मग रोज सकाळी दुकानं उघडायच्या आधी माणसं माना वर करून मोजत उभी. शिंपी फळ्यावर आकडा लिहायचा. तेरा झाली त्या दिवशी औषधवाल्याने कॉम्प्रेसर चालवणाऱ्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं, आणि नवा कोट घालून स्वतः वाढलं. अकरावं सगळ्यात उशिरा, पण फुटलं. तिथे आम्ही दोन दिवस नुसत्या छोट्या पटाशीने काम केलं होतं.

शनिवारी कमिटी आली. साहेबांनी हातात यादी घेतली, पण ती उघडायची वेळच आली नाही. खालून वर बघितलं तर आभाळ दिसेना, एवढी पालवी. वाळक्या शेंगा गळून गेल्यात. दवाखान्याच्या खिडक्या उघड्या होत्या आणि पेशंट खिडकीशी येऊन बघत होते. साहेब मला म्हणाले, ‘पामच्या कुंड्या मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारतो.’ मी ऑफिसात आले, काचेखालचा कागद काढला, चार तुकडे केले. मुकादमाने ते तुकडे खताच्या ढिगात नेऊन टाकले. म्हणाला, कुजू दे, झाडांनाच घालू.

मामा, मी इतकी खूश आहे की मला लिहिताना बसवत नाही.

आणखी एक. खात्यात आता नियम झालाय. कुठल्याही रस्त्यावर झाड लावायचं तर डबा काढल्यावर मुळं सोडवायची, आवळलेली कापायची, आणि खड्डा बघायला वृक्ष अधिकारी स्वतः जाणार. कागदावर खड्ड्याचं माप सेंटिमीटरमध्ये आहे. पण कामगार ते माप बोलत नाहीत. मुकादमाने त्यांना तुमच्या पत्रातली गोष्ट सांगितलीय. ते म्हणतात, ‘पोर मांडी घालून बसेल एवढा.’ मागच्या आठवड्यात दुसऱ्या वॉर्डात एका कंत्राटदाराने अरुंद खड्डे खणले होते. मी काही बोलायच्या आत एक कामगार त्याला म्हणाला, ‘यात बसून दाखवा.’ नऊ खड्डे पुन्हा खणले गेले.

दोन झाडं मात्र गेली, सातवं आणि एकोणिसावं. सातव्यासाठी मला वाईट वाटतं, पहिला घाव त्यालाच घातला होता. ती जागा रिकामी ठेवायची नाही. रोपं आणलीत. मुकादम म्हणतो, ही दोन ज्यांची त्यांनीच लावावीत. खात्यात तुम्हाला आता चोवीसवाले म्हणत नाहीत, हे खरं आहे. काय म्हणतात ते इथे येऊन ऐका. थंडी गेली, मामीचा खोकला गेला, कारणं संपली.

खारूताई

१० एप्रिल

खारूताई,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा सूनबाईने मोठ्याने वाचलं, कारण माझा चष्मा सारखा पुसावा लागत होता. एकवीस म्हटल्यावर मामीने टाळ्या वाजवल्या, त्याही बाल्कनीत, समोरच्या बिल्डिंगला वाटलं आमच्याकडे काही कार्य आहे. मी आज या घरात उगाचच इकडून तिकडे फिरतोय. छाती भरून आलीय आणि गुडघे दुखायचे थांबलेत, डॉक्टरला सांगू नकोस.

मी येतोय. पंधरा तारखेच्या गाडीचं तिकीट काढलंय, मामी बरोबर आहे, तिला चोविसावं झाड बघायचंय. तुझ्या आईला म्हणावं, ती बरणी मी फोडली होती, आणि ते सांगायलाही येतोय.

मुकादमाला माझा नमस्कार सांग आणि दोन कुदळी काढून ठेवायला सांग, एक त्याच्यासाठी. पण मी येईपर्यंत कुणी खणू नका. कंत्राटदार नको, मशीन नको. दोन्ही खड्डे मी खणणार, कितीही वेळ लागला तरी. या वेळी सकाळी कसलंच उद्घाटन नाही.

तू फक्त जुनी चप्पल घालून ये. झालं की आत उतर आणि मांडी घालून बस. आता तू अडतीस वर्षांची आहेस, त्यामुळे खड्डा मोठा लागेल. लागू दे.

मामा